एफटीपी आणि वर्डप्रेस एकमेकांच्या फायलींना हात लावू देत नाहीत. परवानग्या नेमक्या कशा ठेवाव्यात?

ग्रंथसेवक (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी विनामोबदला सांभाळतो. भाड्याने घेतलेला एक छोटा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) आहे, त्यावर उबुंटू २२.०४, अपाचे (पाने पाठवणारा वेबसर्व्हर), पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिले आहे ती भाषा) आणि वर्डप्रेस आहे, आणि एफटीपीने फायली चढवण्यासाठी व्हीएसएफटीपीडी बसवलेले आहे. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, पासवर्ड माझ्याकडे आहे, पण माझे शिक्षण या विषयातले नाही. जे येते ते गरजेपोटी शिकलो आहे.

आमच्याकडे दोन वाटांनी सामग्री चढते. कार्यक्रमांची छायाचित्रे आमच्या ग्रंथपाल ताई थेट वर्डप्रेसमधून टाकतात. जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन केलेले पीडीएफ मात्र शंभर-दीडशे एमबीचे असतात आणि ब्राउझरमधून चढता चढता मध्येच तुटतात, म्हणून ते मी रात्री फाइलझिला वापरून 'ग्रंथालय' या एफटीपी वापरकर्त्याने चढवतो. दोन्ही प्रकारच्या फायली अपलोड्स फोल्डरात, त्या त्या वर्षाच्या आणि महिन्याच्या फोल्डरातच ठेवायच्या असे आम्ही ठरवले आहे.

अडचण दर महिन्याच्या सुरुवातीला येते. नव्या महिन्यातले पहिले छायाचित्र ताईंनी आधी टाकले, तर त्या महिन्याच्या फोल्डरात मला एफटीपीने काहीही चढवता येत नाही. फाइलझिला ५५३ हा आकडा आणि फाइल तयार करता न आल्याचा संदेश दाखवते. मी आधी फोल्डर करून पीडीएफ चढवले, तर ताईंचे छायाचित्र जात नाही आणि चढवलेली फाइल त्या फोल्डरात हलवता आली नाही, असे वर्डप्रेस सांगते. थोडक्यात, जो आधी पोहोचेल त्याचा तो महिना, अशी आमची अवस्था आहे.

याखेरीज तीन गोष्टींचा उलगडा होत नाही. ताईंनी टाकलेल्या फाइलीवर फाइलझिलातून परवानगी बदलायला गेलो तर तेही नाकारले जाते. मी तयार केलेल्या एका जुन्या फोल्डरात वर्डप्रेसने लिहिलेली एक फाइल होती. ती मला नव्या फाइलीने बदलता येईना, पण पुसून पुन्हा चढवता मात्र आली. जिच्यात लिहिता येत नाही ती फाइल पुसता कशी येते? आणि तिसरे म्हणजे, कोणतेही प्लगइन अद्ययावत करायला गेलो की वर्डप्रेस एफटीपीचे नाव आणि पासवर्ड मागते.

होस्टिंगच्या मदत विभागाने 'सगळ्याला ७७७ द्या', म्हणजे कोणालाही लिहिता येईल असे करा, असे सांगितले होते. तसे केल्यावर तीन महिने सगळे सुरळीत चालले. त्यानंतर अपलोड्समध्ये आमच्यापैकी कोणीही न ठेवलेल्या दोन पीएचपी फायली सापडल्या. मी घाबरून त्या बाजूला काढल्या, फोल्डरांना ७५५ आणि फायलींना ६४४ परत दिले, आणि जुनी अडचण जशीच्या तशी परत आली. ७७७ नको आणि ७५५ चालत नाही, तर मधला योग्य आकडा कोणता?


टर्मिनलकर

ग्रंथसेवक, आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान जवळजवळ त्यांतच आहे. आपण आकडा विचारत आहात, पण आपली अडचण आकड्याची नसून मालकीची आहे. टर्मिनलमध्ये अपलोड्सच्या आत जाऊन 'एलएस -एल' ही आज्ञा द्या आणि परवानग्यांकडे क्षणभर दुर्लक्ष करून तिसरा व चौथा रकाना वाचा. तिसऱ्या रकान्यात फाइलीचा मालक असतो आणि चौथ्यात तिचा गट. आपण चढवलेल्या पीडीएफसमोर दोन्हीकडे 'ग्रंथालय' दिसेल, आणि ताईंच्या छायाचित्रांसमोर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' दिसेल. उबुंटू आणि डेबियनवर अपाचे या नावाने चालते, आणि आपले पीएचपी अपाचेच्या पोटातच चालत असल्यामुळे वर्डप्रेस जी फाइल निर्माण करते ती ताईंच्या किंवा आपल्या नव्हे, तर या वापरकर्त्याच्या मालकीची होते. सर्व्हरच्या दृष्टीने आपण आणि वर्डप्रेस ही दोन परकी माणसे आहेत.

आता ७५५ याचा अर्थ मालकाला सर्व काही, आणि गटाला व इतरांना फक्त वाचणे आणि आत शिरणे. महिन्याचे फोल्डर ज्याने तयार केले तो मालक झाला आणि दुसरा 'इतर' झाला, म्हणून दुसऱ्याला त्यात लिहिता येत नाही. ७७७ ने हे भांडण मिटले, कारण त्याने इतरांनाही लिहू दिले, म्हणजे या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेला लिहू दिले.

पुसण्याच्या कोड्याचे उत्तर आपल्याच वाचनालयात आहे. लिनक्समध्ये फोल्डर म्हणजे दाखल नोंदवहीसारखी एक यादी असते. पुस्तकाच्या पानांवर लिहायचे असेल तर पुस्तकावर हक्क हवा, पण नोंदवहीतली त्याची नोंद खोडायची असेल तर हक्क नोंदवहीवर हवा. फाइल पुसणे, तिचे नाव बदलणे किंवा नवी फाइल ठेवणे ही कामे फोल्डरावर लिहिण्याची आहेत, फाइलीवर लिहिण्याची नाहीत. ते फोल्डर आपले होते, म्हणून परक्याची फाइल पुसता आली. तिच्या आत लिहायला मात्र तिच्या मालकाने आपल्याला मुभा दिलेली नव्हती. परवानगी बदलण्याचा नियम याहून कडक आहे: तो अधिकार फक्त मालकाला किंवा रूटला असतो, आणि मालक बदलण्याचा अधिकार तर फक्त रूटलाच असतो. त्यामुळे फाइलझिलातून कितीही प्रयत्न केले तरी ताईंच्या फायली आपल्याला दुरुस्त करता येणार नाहीत. ते काम टर्मिनलमधूनच करावे लागेल.

प्लगइनच्या वेळी वर्डप्रेस पासवर्ड मागते, त्यामागचे कारण बरेच जण चुकीचे समजतात. फोल्डरात लिहिता येते का एवढेच ते पाहत नाही. ते डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये एक तात्पुरती फाइल तयार करते आणि तिचा मालक व वर्डप्रेसच्या स्वतःच्या गाभ्यातील फाइलीचा मालक एकच आहे का, हे ताडून पाहते. आपण वर्डप्रेस एफटीपीने चढवलेले असणार, म्हणून गाभा 'ग्रंथालय'च्या मालकीचा आणि तात्पुरती फाइल 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'ची निघते. मालक जुळला नाही की थेट लिहिणे टाळून ते एफटीपीचा मार्ग धरते. परवानग्या ७७७ असल्या तरी हा प्रश्न येतोच, आणि तो आपल्याला तेव्हाही आला असेल.

उपाय म्हणून मी दोघांचा एक सामाईक गट करतो. रूट म्हणून 'ग्रंथालय' या गटात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला सामील करा, आणि त्यानंतर अपाचे पुन्हा सुरू करायला विसरू नका, कारण चालू असलेली प्रक्रिया आपले गट सुरू होतानाच वाचते आणि नंतर झालेला बदल तिला कळत नाही. मग संपूर्ण संकेतस्थळाचा गट सीएचजीआरपी वापरून 'ग्रंथालय' करा. फोल्डरांना २७७५ आणि फायलींना ६६४ द्या, पण दोन्हींना एकच आकडा सरसकट देऊ नका. फाइंड आज्ञेने फोल्डर आणि फायली वेगवेगळ्या निवडून द्या. २७७५ मधला सुरुवातीचा २ महत्त्वाचा आहे. त्याला सेटजीआयडी म्हणतात, आणि तो असलेल्या फोल्डरात जी नवी फाइल किंवा फोल्डर तयार होईल त्याचा गट निर्मात्याचा न राहता त्या फोल्डराचाच होतो.

एवढ्याने जुन्या फायली सुधारतील, पण उद्याच्या फायली पुन्हा ६४४ होऊनच जन्माला येतील, कारण दोन्ही सेवांचा यूमास्क (नव्या फाइलीच्या परवानगीतून काय वजा करायचे ते सांगणारा आकडा) बहुधा ०२२ आहे. नव्या फाइलीच्या ६६६ मधून यूमास्क गटाचे लिहिणे काढून घेतो. व्हीएसएफटीपीडीच्या मांडणीत 'लोकल_यूमास्क' ००२ करा (ती ओळ लिहिलेलीच नसेल तर मूळ किंमत ०७७ असते आणि मग वेबसर्व्हरला फाइल वाचताही येत नाही), आणि अपाचेच्या सिस्टमडी सेवेत 'यूमास्क' ०००२ अशी ओळ घाला. शेवटी डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या मांडणीच्या फाइलीत, 'एफएस_मेथड' ला 'डायरेक्ट' अशी किंमत द्या, म्हणजे मालकाची ती तुलना टळेल.


ग्रंथसेवक

टर्मिनलकर, मनापासून आभार. नोंदवहीचे उदाहरण वाचल्यावर इतक्या वर्षांचा गुंता एका मिनिटात सुटला. आपण सांगितले त्याच क्रमाने सर्व केले. पासवर्ड मागणे थांबले आहे, आणि ताईंनी पहिल्यांदा तयार केलेल्या फोल्डरात मी काल एक १४० एमबीचा पीडीएफ विनातक्रार चढवला.

तरीही दोन ठिकाणी खोट राहिली आहे. ताईंनी काल एक छायाचित्र टाकले. वर्डप्रेस त्याच्या लहान आकाराच्या चार-पाच प्रती तयार करते, त्या सर्वांचा गट 'ग्रंथालय' झाला आहे, पण मूळ छायाचित्राचा गट मात्र 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'च राहिला आहे. एकाच फोल्डरात, एकाच मिनिटाला तयार झालेल्या फायली, आणि गट दोन. दुसरे असे की, एक प्लगइन पडद्यावरून अद्ययावत केले, तर त्याच्या आतल्या फोल्डरांचा गटही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आहे आणि बाकी फोल्डरांवर दिसणारे सेटजीआयडीचे 'एस' हे अक्षर तिथे कुठेच नाही.

उपयोगी पडेल म्हणून सांगतो: मोठ्या फायलींसाठी मी मागे पीएचपीचे तात्पुरते फोल्डर बदलून संकेतस्थळाच्या शेजारी, त्याच डिस्कवर केले होते.


रात्रपाळी

शेवटच्या वाक्यात आपण पहिल्या कोड्याचे उत्तर देऊन टाकले आहे.

सेटजीआयडीचा नियम फाइल जिथे जन्मते तिथे लागू होतो, ती जिथे जाऊन राहते तिथे नाही. ब्राउझरमधून आलेली फाइल पीएचपी आधी तात्पुरत्या फोल्डरात लिहिते आणि मग अपलोड्समध्ये हलवते. दोन्ही जागा एकाच डिस्कवर, एकाच माउंटवर (फाइलप्रणालीच्या एकाच जोडणीवर) असतील तर हलवणे म्हणजे केवळ नाव बदलणे असते. फाइल तीच राहते आणि जन्मवेळचा गट घेऊनच नव्या घरी येते. लहान प्रती मात्र वर्डप्रेस अपलोड्समध्येच नव्याने लिहिते, म्हणून त्यांना फोल्डराचा गट मिळतो. आपण तात्पुरते फोल्डर हलवले नसते तर हे दिसलेही नसते, कारण उबुंटूवर अपाचेला सिस्टमडी स्वतंत्र, खासगी टेम्प फोल्डर देते, ते वेगळे माउंट धरले जाते, नाव बदलणे तिथे चालत नाही आणि पीएचपीला फाइलीची नवी प्रत करावी लागते. ती प्रत अपलोड्समध्ये जन्मते. आपल्या शेजारच्या त्या तात्पुरत्या फोल्डराचा गट 'ग्रंथालय' करून त्यालाही सेटजीआयडी द्या, म्हणजे फाइल जन्मतानाच योग्य गट घेईल. एफटीपीने एका फोल्डरातून दुसऱ्यात फाइल सरकवतानाही हाच नियम लागतो, हे लक्षात असू द्या.

प्लगइनची गोष्ट वेगळी आहे. तिथे सेटजीआयडी मिळतो, पण लगेच पुसला जातो. वर्डप्रेस प्लगइनची झिप उलगडताना प्रत्येक फोल्डर तयार करून त्यावर स्वतः परवानगी बसवते, आणि ती परवानगी काढताना मुख्य फोल्डराच्या परवानगीतले फक्त शेवटचे तीन आकडे घेते. म्हणजे आपल्या २७७५ मधले ७७५ उरते, पुढचा २ गळतो आणि त्यासोबत सेटजीआयडी जातो. त्या फोल्डराच्या आत पुढे जे काही तयार होते ते निर्मात्याच्या गटात पडते. टर्मिनलमधली परवानगी बदलणारी सीएचमॉड आज्ञा फोल्डरावर तीन आकडे दिले तरी सेटजीआयडी जपते, म्हणून हाताने करून पाहिले की सगळे ठीक वाटते. पीएचपीचा सीएचमॉड तशी गय करत नाही. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये 'एफएस_सीएचमॉड_डीआयआर' ०२७७५ आणि 'एफएस_सीएचमॉड_फाइल' ०६६४ असे ठरवून द्या. सुरुवातीचे शून्य गाळू नका. पीएचपीत शून्याविना लिहिलेला २७७५ हा दशमान आकडा समजला जातो, आणि त्यातून निघणाऱ्या परवानग्या कोणालाही नको असतील अशा असतात. महिन्याची फोल्डरे ज्या वाटेने तयार होतात तिथे वर्डप्रेस वरच्या फोल्डराची परवानगी चारही आकड्यांसकट घेते, म्हणून अपलोड्समध्ये ही गळती आपल्याला दिसली नाही.

काही जण याच टप्प्यावर एसीएल वापरतात, म्हणजे सेटएफएसीएल या आज्ञेने फोल्डरावर 'इथे जे तयार होईल त्यावर या दोघांनाही लिहिता येईल' असा मूळ नियम बसवतात. मोठ्या गटांत मीही तेच करतो. पण एसीएलमध्ये मास्क नावाची एक मर्यादा असते, आणि एखाद्या प्रोग्रॅमने फाइलीला ६४४ दिले की गटाच्या जागचा ४ हा त्या मास्कवर जाऊन बसतो. नियम यादीत दिसत राहतो आणि लिहिणे मात्र बंद होते. एकट्याने सांभाळायच्या सर्व्हरवर हा गुंता मी घालणार नाही.


सह्याद्रीवासी

वरील दोन्ही उत्तरे बिनचूक आहेत, आणि तरीही ग्रंथसेवकांनी या वाटेने पुढे जाऊ नये असे मला कळकळीने वाटते. गट, सेटजीआयडी, दोन यूमास्क, कॉन्फिगमधल्या तीन ओळी आणि एक तात्पुरते फोल्डर, एवढे सगळे कायम जुळून राहिले तरच हे चालते. यातली एक गोष्ट सर्व्हर बदलताना विसरली की वर्षभराने पुन्हा हाच प्रश्न विचारावा लागेल, आणि कदाचित तेव्हा तो विचारणारी व्यक्ती वेगळी असेल. हा गुंता दोन मालक असल्यामुळे आहे. आपल्याकडे एकच संकेतस्थळ आणि एकच एफटीपी वापरकर्ता आहे, तर मालकही एकच ठेवा.

त्यासाठी पीएचपी अपाचेच्या पोटातून बाहेर काढून पीएचपी-एफपीएम या स्वतंत्र सेवेखाली चालवा. पीएचपी ५.३.३ पासून, म्हणजे २०१० पासून, ते पीएचपीच्या सोबतच येते. त्यात प्रत्येक संकेतस्थळासाठी एक पूल, म्हणजे पीएचपी प्रक्रियांचा एक संच, असतो आणि तो पूल कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालावा हे एका ओळीत सांगता येते. आपल्या पुलाचा वापरकर्ता आणि गट दोन्ही 'ग्रंथालय' करा. अपाचे ज्या सॉकेट फाइलीतून पुलाशी बोलते तिचा मालक आणि गट मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आणि परवानगी ०६६० ठेवा, नाहीतर अपाचेला पुलाशी बोलता येणार नाही आणि संकेतस्थळावर ५०३ ची चूक दिसेल. त्यानंतर एकदाच मालक बदलणारी सीएचओन आज्ञा वापरून सर्व फायली 'ग्रंथालय'च्या करा. ताईंचे छायाचित्रही 'ग्रंथालय'चे, आपले पीडीएफही 'ग्रंथालय'चे, वर्डप्रेसची मालकाची तुलना आपोआप जुळते आणि 'एफएस_मेथड'ची गरज उरत नाही. यूमास्क ०२२ वर परत न्या, फोल्डरे ७५५ आणि फायली ६४४ ठेवा. छायाचित्रे आणि पीडीएफ अपाचे स्वतः वाचून पाठवते, म्हणून इतरांचे वाचणे तेवढे राहू द्या. डब्ल्यूपी-कॉन्फिग मात्र फक्त पीएचपी वाचते, तिला खुशाल ६०० द्या. डेटाबेसचा पासवर्ड तिच्यातच असतो.

अनेक ग्राहक असलेल्या सामाईक होस्टिंगवर पूर्वी सुपीएचपी आणि सुएक्झेक हेच काम करत, आणि तिथे ७७७ दिले की पान उघडण्याऐवजी ५०० ची चूक येई, कारण दुसऱ्याला लिहिता येईल अशी स्क्रिप्ट चालवायलाच ती साधने नकार देत. आपल्या मदत विभागाने दिलेला सल्ला अशा ठिकाणी संकेतस्थळच बंद पाडतो.

एक किंमत मोजावी लागते, ती लपवणार नाही. मालक एक झाल्यावर पीएचपीला स्वतःच्याच सर्व कोडवर लिहिता येते, म्हणून एखाद्या प्लगइनमधल्या भोकातून कोणी आत आला तर तो संपूर्ण वर्डप्रेस बदलू शकतो. सामाईक गटाच्या मांडणीतही गटाला लिहिण्याची मुभा आहे, तेव्हा तिथली स्थिती याहून बरी नाही. खरोखर आवळायचे असेल तर कोड एका मालकाचा आणि पीएचपीला फक्त अपलोड्समध्ये लिहिण्याची मुभा, असे करावे लागते; पण मग प्लगइन पडद्यावरून अद्ययावत होत नाहीत, ते काम दर आठवड्याला टर्मिनलमधून हाताने करावे लागते. एकट्या स्वयंसेवकाकडून ते महिनोन्‌महिने राहून जाते, आणि जुने प्लगइन हे परवानग्यांपेक्षा मोठे संकट आहे. म्हणून आपल्यासाठी मी एकच मालक आणि अद्ययावत प्लगइन यांच्या बाजूने कौल देईन.

आता त्या दोन पीएचपी फायलींबद्दल, ज्यांच्याविषयी वर कोणी लिहिले नाही आणि ज्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ७७७ मुळे बाहेरचा माणूस थेट इंटरनेटवरून आपल्या फोल्डरात फाइल ठेवू शकत नाही. त्या फायली बहुधा एखाद्या प्लगइनच्या दोषातून, पीएचपीच्या हातूनच लिहिल्या गेल्या, आणि अपलोड्समध्ये पीएचपीला लिहिण्याची मुभा योग्य मांडणीतही असतेच. ७७७ ने एवढेच केले की त्या हाताला अपलोड्सपुरते न राहता आपल्या मालकीच्या कोडपर्यंत पोहोचता आले. म्हणजे ७७७ काढल्याने ते भोक बुजलेले नाही, आणि त्या तीन महिन्यांत इतर फायली बदलल्या गेल्या नसतील असेही धरून चालता येत नाही. वर्डप्रेसची टर्मिनलवरून चालणारी डब्ल्यूपी-सीएलआय वापरून गाभ्याच्या आणि प्लगइनांच्या चेकसम (फाइल मूळ प्रतीसारखीच आहे का हे दाखवणारे आकडे) पडताळा. थीमची तशी पडताळणी होत नाही, ती मूळ प्रतीवरून नव्याने बसवा. सर्व पासवर्ड बदला, डेटाबेसचासुद्धा. अनोळखी प्रशासक खाते निर्माण झालेले नाही ना, तेही पाहा. त्या फायली केव्हा आल्या हे अपाचेच्या लॉगमध्ये त्यांच्या नावाने शोधा, पण उबुंटूच्या मूळ मांडणीत लॉगच्या १४ दिवसांच्याच जुन्या प्रती राहतात, तेव्हा बॅकअपमधले लॉगही काढावे लागतील. फाइलीवरच्या तारखेवर विसंबू नका, ती बदलून ठेवता येते.

आणि अपलोड्समध्ये पीएचपी चालणारच नाही अशी तजवीज करा. अनेक जुन्या मांडण्यांत तिथे पीएचपीचे इंजिन बंद करणारी एक ओळ असते. ती पीएचपी अपाचेच्या पोटात असतानाच चालते. एफपीएमवर गेल्यावर, मॉड्यूल असेल तरच लागू अशा चौकटीत ती लिहिलेली असेल तर कोणतीही सूचना न देता निकामी होते. तिच्याऐवजी अपाचेच्या मांडणीत अपलोड्ससाठी नियम लिहा की पीएचपीने संपणाऱ्या नावाची विनंती सरळ नाकारावी, आणि नंतर एक निरुपद्रवी चाचणी फाइल ठेवून ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा संदेश, येते का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.


टर्मिनलकर

सह्याद्रीवासींचे म्हणणे मला मान्य आहे. एकाहून अधिक एफटीपी वापरकर्ते असतील, म्हणजे उद्या स्कॅनिंग करणाऱ्या मंडळींना प्रत्येकी वेगळे खाते द्यावे लागले, तरच सामाईक गटाची मांडणी उपयोगी पडेल. एका खात्यासाठी ती जड आहे. दोन वापरकर्ते धरून मी उत्तर लिहिले, आधी एक करता येतो का हे विचारायला हवे होते.

आणखी एक विनंती. साध्या एफटीपीत पासवर्ड वायरवरून उघडा जातो. पासवर्ड बदलणारच आहात, तर त्याच वेळी व्हीएसएफटीपीडी काढून टाका आणि फाइलझिलातच पोर्ट २२ वर एसएफटीपी निवडा. उबुंटूच्या एसएसएचमध्ये ते आधीपासून असते. मात्र 'ग्रंथालय' वापरकर्त्याला त्याच्या फोल्डरात कोंडायचे असेल तर ज्या फोल्डरात कोंडाल ते आणि त्याच्या वरची सर्व फोल्डरे रूटच्या मालकीची असावी लागतात आणि त्यांवर इतर कोणाला लिहिता येता कामा नये. म्हणून संकेतस्थळ त्याच्या एक पायरी खाली ठेवा. यात चूक झाली की पासवर्ड बरोबर असूनही जोडणी लगेच तुटते आणि लोक पासवर्डच तपासत बसतात.


ग्रंथसेवक

सर्वांचे आभार. रविवारी दुपारी, वाचनालय बंद असताना, एफपीएमचा बदल केला. पहिल्या प्रयत्नाला ५०३ आलेच. सॉकेटच्या मालकी-परवानगीच्या ओळींत माझ्याकडून एक घोळ झाला होता. तो दुरुस्त केल्यावर संकेतस्थळ उघडले. नंतर सीएचओन, ७५५, ६४४ आणि कॉन्फिगला ६०० असे करत गेलो, आणि मधल्या काळात घातलेल्या तिन्ही ओळी काढून टाकल्या. एसएफटीपीही सुरू आहे.

आज एक तारीख. सकाळी ताईंनी बालवाचक मेळाव्याचे छायाचित्र टाकले, म्हणजे नव्या महिन्याचे फोल्डर वर्डप्रेसनेच तयार केले. मी मुद्दाम त्यानंतर त्याच फोल्डरात एका जुन्या दिवाळी अंकाचा पीडीएफ चढवला आणि एलएस करून पाहिले: छायाचित्र, त्याच्या लहान प्रती आणि पीडीएफ, सगळ्यांसमोर तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात 'ग्रंथालय' हे एकच नाव आहे. ताईंना फोन करून सांगितले की आता माझी वाट पाहू नका, केव्हाही टाका.

चेकसमच्या पडताळणीत गाभ्याची एक फाइल बदललेली आणि एक अनोळखी फाइल जास्तीची निघाली. गाभा नव्याने बसवला, थीम मूळ प्रतीवरून घेतली, वापरात नसलेली चार प्लगइन काढून टाकली आणि सर्व पासवर्ड बदलले. अपलोड्समधली चाचणी फाइल ४०३ देते. बॅकअपमधले लॉग अजून वाचतो आहे. त्या दोन फायलींना आलेली सर्वांत जुनी विनंती सापडली की तिच्या आसपास कोणत्या प्लगइनच्या पत्त्यावर मागणी आली होती ते याच धाग्यात लिहीन, म्हणजे तेच प्लगइन वापरणाऱ्या इतरांना वेळेवर तपासता येईल.